काटा मैलाचा की किलोमीटरचा

सेलू, जि. वर्धा
संक्रांतीनंतरचा मंगळवार

तीर्थस्वरूप माधवदादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीचा, इंदिरेचा, वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढाच वाकून, उरलेला मनातून). सौ. वहिनींनाही तसाच. तुमचा खोकला कसा आहे? वहिनींच्या टाचा? डोळ्यांत थेंब घालता, की बाटली नुसती उशाशी ठेवून बरं वाटायची वाट पाहता? इकडे सगळे मजेत. ह्यांची शुगर ठीक आहे, म्हणजे संक्रांतीपर्यंत ठीक होती. त्यानंतर तिळाच्या लाडवांसारखीच तिचीही मोजणी आम्ही बंद केली आहे. फोन सोडून हे पत्र कशाला, असं तुम्ही वहिनींना विचारत असाल. तर दादा, फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तुम्ही मनाने भरता. मागे मी ‘वेदश्रीला सिंदीचं स्थळ आलं’ म्हणून सांगितलं, तर तुम्ही यवतमाळभर पोरीला सर्दी झाल्याचं सांगत फिरलात आणि वहिनींनी काढ्याची पुडी पाठवली. (काढा चांगला होता. ह्यांनी प्यायला.)

तर त्या सर्दीची पुढची हकीकत आता लेखी कळवते. सिंदी रेल्वे गावचे हिरालालजी झाडे, कापसाच्या जिनिंगवाले, त्यांचा सुमीत आपल्या वेदश्रीसाठी ठरला. पोरगा सोन्यासारखा, त्याची आई मोहिनीताई त्याहून सोन्यासारखी, आणि हिरालालजीही सोनंच. फक्त त्या सोन्याला एक गाडी आहे. काळी मॉरिस, १९५१ ची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. आम्ही मुलगी दाखवायला म्हणून गेलो, तर त्यांनी आधी गाडी दाखवली. वेदश्रीला पसंत करायला त्यांना एक कप चहा पुरला, गाडीचं वर्णन संपेपर्यंत मात्र मोहिनीताई पुन्हा पुन्हा आधण ठेवत राहिल्या. गाडीवर गोधडी होती, गोधडीवर ताडपत्री होती, आणि दोन्ही सरकवून आम्हाला नुसतं नाक दाखवण्यात आलं. “इहीनबाई, एक स्क्रू बदलला नाई. जशी बाबूजीनं आणली तशीच हाये. एकदम ओरिजिनल!” असं ते म्हणाले, आणि मी ‘वा!’ म्हणाले. (मुलीच्या आईने अशा वेळी दुसरं काय म्हणायचं असतं?)

इथवर ठीक होतं. पण जुन्या गाड्यांच्या एका क्लबाने यंदा नागपूर ते वर्धा अशी गाड्यांची फेरी काढली आणि वाटेत आमच्या सेलूला, शाळेच्या मैदानावर, त्यांची तपासणी ठेवली. रंग तपासायला एक माणूस, इंजिनाला एक, आणि डॅशबोर्डवरचे काटे-मीटर मूळचे आहेत की मागाहून बसवलेले हे सांगायला एक. हे तिसरे गृहस्थ पुण्याहून यायचे होते, त्यांची ऐन वेळी पाठ धरली. क्लबाचे सचिव गोपालराव हे ह्यांचे जुने स्नेही. ते घरी येऊन म्हणाले, “वहिनी, तुम्ही आयटीआयमध्ये जन्मभर मीटरं खोलायला आणि जोडायला शिकवलं. एक दिवस आम्हाला द्या.” दादा, निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही शिकव म्हणालं नव्हतं की तपास म्हणालं नव्हतं. घरात एक कुकर आहे, त्याची शिट्टी मी आठवड्याला तपासते. मी लगेच हो म्हणाले. कोणकोणत्या गाड्या येणार, हे हो म्हटल्यानंतर विचारलं, आणि तिथेच माझी विद्वत्ता उघडी पडली.

यादीत काळी मॉरिस, सिंदी रेल्वे, असं वाचल्याबरोबर वेदश्रीने हातातली ताटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “आई, तू आजारी पड.” ह्यांनी लगेच काढा करून द्यायची तयारी दाखवली (उरला होता). मी गोपालरावांना फोन करून सांगितलं की त्या गाडीवाल्यांशी आमची सोयरीक जुळते आहे, दुसरं कोणी पाहा. ते म्हणाले, दुसरं कोणीच नाही, आणि तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आमच्या मनात शंका नाही. (माझ्याही मनात नव्हती, संकट तेच तर होतं.) तेवढ्यात खुद्द हिरालालजींचाच फोन. इतके खुशीत की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणे, “इहीनबाई परीक्षक! म्हंजे घरचंच काम झालं!” मी म्हटलं, घरचं काम असलं की मी जास्तच बारीक पाहते. ते खो खो हसले. त्यांना वाटलं, मी गंमत केली.

आता तुम्ही म्हणाल, काटा तो काटा, त्यात मूळचा नि मागाहूनचा काय ओळखायचा? दादा, माणसाच्या दातांसारखंच आहे ते. मूळचे दात किंचित पिवळे असतात, एखादा वाकडा असतो, पण एकमेकांना ओळखून असतात. कवळी सरळ, पांढरीशुभ्र आणि सगळ्यांशी अनोळखी. जुन्या डायलवरचे आकडे जरा बुटके, जाडसर. अंधारात चमकावा म्हणून काट्याला लावलेला रंग इतक्या वर्षांत चहासारखा तपकिरी झालेला पाहिजे. काच धरणारी पितळी कडी एकदा उघडली की तिच्या काठावर पकडीचे चावे उमटतात, ते कोणाला लपवता येत नाहीत. स्क्रूच्या डोक्यावर एकच सरळ खाच हवी. अधिकाचं चिन्ह दिसलं की समजायचं, कोणीतरी मागाहून हात घातला आहे. हे सगळं मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं. ते पाहायला डॅशबोर्डच्या खाली शिरावं लागतं, हे मात्र शिकवलं नाही, कारण वर्गातली मीटरं टेबलावर असायची.

संक्रांतीआधीच्या रविवारी मैदानात सारं सेलू लोटलं होतं. एकीकडे तर्रीपोह्याची गाडी, एकीकडे गाड्यांच्या ओळी, आणि मधून मी, नेसून नारळी काठाचं लुगडं, हातात भिंग आणि विजेरी. पहिल्याच गाडीत घड्याळ छान टिकटिकत होतं. इतकं छान की मी मागे हात घातला, तर पेन्सिलचा सेल निघाला. मालक म्हणाले, सेलसुद्धा जुनाच आहे. दुसऱ्या एका गृहस्थांनी डॅशबोर्डवर केळझरच्या गणपतीची तसबीर चिकटवली होती, नेमकी पेट्रोलच्या काट्यावर. बाजूला करा म्हटलं तर म्हणे, गाडी आल्यापासून आहे, तसबीर ओरिजिनल आहे, तिचेही मार्क धरा. मी देवाला नमस्कार केला आणि काट्याला शून्य दिलं. तिसऱ्या गाडीत, एका लांबलचक ऑस्टिनमध्ये, मी स्टिअरिंगखाली डोकं घातलं आणि माझा अंबाडा वरच्या वायरींत अडकला. सुटायला म्हणून मान वर केली, तर हॉर्न वाजायला लागला. मान खाली घ्यावी तर केस ओढले जात, वर घ्यावी तर हॉर्न. बराच वेळ मी आत आणि बाहेर सारं सेलू टाळ्या वाजवत होतं, कारण त्यांना वाटलं, परीक्षकबाई हॉर्न तपासत आहेत. शेवटी गाडीची मालकीण, नागपूरची रीना नावाची एक तरतरीत मुलगी, आत आली आणि तिने एकेक केस सोडवला. तिला आजोबांची गाडी मिळाली होती आणि गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणूनच तिने कशाला हात लावला नव्हता. काट्यांवर धूळसुद्धा मूळची होती. (पहिला नंबर तिचाच आला. माझे केस सोडवले म्हणून दिला, असं तर्रीपोह्याच्या गाडीवर बोललं गेलं. ते खोटं आहे.)

मग काळ्या मॉरिसची पाळी. हिरालालजींनी नवं जाकीट घातलेलं, सुमीत दार धरून उभा, वेदश्री दूर पाण्याच्या टाकीमागून माझ्याकडे असे डोळे करून पाहते आहे की जणू मी तिलाच तपासते आहे. पेट्रोलचा काटा पाहिला. सुंदर! मूळचा, कडीला कोणाचा स्पर्श नाही. पैकीच्या पैकी. बॅटरीचा ॲमीटर पाहिला, पैकीच्या पैकी. माझा जीव भांड्यात पडत होता, आणि मग मी स्पीडोमीटरवर विजेरी धरली. दादा, खाली बारीक अक्षरांत किलोमीटर लिहिलेलं! एकावन्न साली विलायतेहून आलेली गाडी, तेव्हा आपल्याकडे सगळा कारभार मैलाचा, आणि ही बया किलोमीटर सांगते. पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. कडीवर पकडीचे चावे. मागे अधिकाचा स्क्रू. मी बाहेर आले आणि हळूच हिरालालजींना म्हटलं की हा मीटर मागाहूनचा आहे. ते हसले. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्यांचं हसू मिशीतच राहिलं. म्हणाले, “मी लहान होतो तईपासून हाच मीटर पाहून राह्यलो. मंग काय मी खोटं बोलून राह्यलो?” मी म्हटलं, तुम्ही खोटं बोलत नाही, मीटरच तुमच्याआधीपासून खोटं बोलतो आहे. (हे वाक्य मला फार छान सुचलं असं तेव्हा वाटलं. सुचलं नसतं तर बरं झालं असतं.) मी त्या रकान्यात शून्य लिहिलं. त्यांनी गाडीवर ताडपत्री घातली, गोधडी घालायचीही शुद्ध राहिली नाही, आणि जाता जाता ह्यांना सांगितलं, “साखरपुड्याचं मंग पाहू.”

त्या दिवसापासून घरात सगळ्यांचं माझ्याशी बिनसलं. वेदश्री तर जेवायला वाढतानाही मला ‘परीक्षक’ म्हणायला लागली. ह्यांनी मला वेगळंच समजावलं की इंग्रजी शून्याला एक बारीक शेपूट जोडलं की नऊ होतो. मी म्हटलं, उद्या आपल्या पोरीच्या सासरचे लोक म्हणतील, आई खोटे मार्क देते, मग तिने दिलेल्या बायोडाटाचं काय? हे उठून गेले, पण पटून नाही. खरं सांगते दादा, रात्री मलाही झोप लागेना. एका स्क्रूपायी पोरीचं सोन्यासारखं घर जातं की काय, या विचाराने मी उठून कुकरची शिट्टी तपासायची. पण शून्य खोडावं असं मात्र एकदाही वाटलं नाही, आणि तसं वाटत नाही याचीच मला जास्त भीती वाटली.

काल दुपारी दारात हॉर्न. पाहते तर काळी मॉरिस! हिरालालजी स्टिअरिंगवर, तोंड फुगलेलं. मागे मोहिनीताई, मांडीवर वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा. म्हणाले, “बसा इहीनबाई. केळझरपर्यंत जाऊ. रोडवरचे दगड पाहा आन मीटर पाहा. एक फर्लांगाचा फरक निघाला तर मी हारलो.” मी सांगायला लागले की बरोबर असणं वेगळं आणि मूळचं असणं वेगळं, पण वेदश्रीने मागून माझ्या पाठीला असा काही हात लावला की मी गाडीतच बसले.

निघालो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, तुरीला शेंगा आलेल्या. प्रत्येक किलोमीटरचा दगड आला की हिरालालजी मीटरकडे बोट दाखवत आणि मी मान डोलवत होते. खरंच सांगते, दगडन् दगड बरोबर निघाला. त्यांचा चेहरा खुलत गेला, जाकिटाचं बटण सुटलं, आणि तेवढ्यात गाडीने दोन आचके दिले आणि ती उभी राहिली. त्यांनी किल्ली फिरवली, बॉनेट उघडलं, गाडीला ‘चाल ना माय’ म्हणून विनवलं. शेवटी मोहिनीताई मागून शांतपणे म्हणाल्या, “पेट्रोल हाये का?” ते म्हणाले, “काटा अर्ध्यावर हाये.” त्या म्हणाल्या, “तो काटा माहं लगन झालं तईपासून अर्ध्यावरच हाये. तुमी रोज टाकीत काडी घालून पाहाता. आज पाह्यलं का?” आज रागात ते काडी घालायचं विसरले होते. मग ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “इहीनबाई, ह्याच काट्याले तुमी पुरे मार्क देले ना?” मी म्हटलं, दिले. “आन जो मीटर बरोबर सांगून राह्यला त्याले शून्य?” मी म्हटलं, हो. मी मूळचेपणाचे मार्क दिले, चालण्याचे नाही. “मंग चालण्याचे मार्क कोन देते?” असं म्हणून ते बांधावर मटकन बसले. मी गोरसपाक घेतलं.

बाभळीखाली तिघं बसलो. मोहिनीताई मीटरविषयी विचारत होत्या की हा किलोमीटर कधीपासून आला. मी सांगितलं, आधी आपल्याकडेही मैलच होते, मग सरकारने मापं बदलली, रस्त्यावरचे दगड बदलले. तेव्हा त्या एकदम थांबल्या आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसायला लागल्या की डबा घरंगळला. म्हणाल्या, “अवो, सासूबाई सांगत ना! मामाजी, म्हंजे ह्यांचे बाबूजी, एकदा वर्ध्याले गेलते. घरी आले न म्हने, वर्धा दूर गेलं! दगडावर आकडा वाढला, न मीटरवर तेवढाच. दोन दिवस भांडले, सरकारनं आपल्याले सांगितल्याबिगर वर्धा काऊन सरकवलं म्हून. मंग नागपूरले जाऊन गाडीचं काहीतरी बदलवून आनलं, न म्हने, आता वर्धा जागेवर आलं!” हिरालालजी आधी मोहिनीताईंकडे पाहत राहिले, मग मीटरकडे. आणि मग त्यांच्या पोटातून एक हसू निघालं, आधी बारीक, मग मोठं, मग डोळ्यांतून पाणी. “बाबूजी असेच होते वो,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला म्हणाले, “म्हंजे तुमी खरं बोलल्या.” मी म्हटलं, आणि तुम्हीही. तो मीटर बाबूजींनीच बसवला होता.

तेवढ्यात सेलूच्या बाजाराला कापूस घेऊन जाणारा टिकाराम नावाचा ओळखीचा ट्रॅक्टरवाला आला. त्याने दोरीने मॉरिस मागे बांधली. हिरालालजी स्टिअरिंग सांभाळायला गाडीत, आणि मोहिनीताई नि मी ट्रॉलीतल्या कापसावर. (दादा, साठीनंतर प्रत्येक बाईने एकदा तरी कापसाच्या ढिगावर बसून प्रवास करावा. कंबरेला काय वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही.) दोरीने ओढलेल्या गाडीचाही मीटर चालतो, हे हिरालालजींच्या लक्षात आलं आणि ते खिडकीतून मुंडकं काढून आम्हाला वेग ओरडून सांगायला लागले. अशी आमची वरात सेलूच्या बाजारातून निघाली. वेदश्री आणि सुमीत चौकात उभे होते (ते तिथे एकत्र का उभे होते, हे मी विचारलं नाही). आईच्या अंबाड्यात कापूस, होणाऱ्या सासूच्या डोक्यावर कापूस, मागे सासरे वेग सांगत आहेत, हे पाहून पोरगी इतकी हसली की मला ‘आई’ म्हणाली. हिरालालजींनी तिथेच, ट्रॅक्टर चालू असतानाच, जाहीर केलं की साखरपुडा ठरल्या दिवशीच. आणि सुमीतला म्हणाले, “पेट्रोल घेऊन येजो. न काडी आनजो!”

असं हे झालं. साखरपुड्याला तुम्ही दोघं चार दिवस आधी यावं. वहिनींच्या टाचांसाठी गाडी बसस्टँडवर पाठवीन (मॉरिस नाही). प्रकृतीला जपा, स्वेटर घाला, नुसता खांद्यावर टाकू नका. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा, आणि मधल्यांनी आपापलं पाहावं.

तुमची धाकटी बहीण,
इंदिरा

ता. क. एक विसरले. हिरालालजींना आता बाबूजींचा मीटर जपून घरात ठेवायचा आहे आणि गाडीला मूळचा मैलाचा मीटर हवा आहे. तसा मीटर बाजारात मिळत नाही. तुमच्या परसात तुमच्या सासऱ्यांची, आबासाहेबांची, जी मॉरिस पडली आहे आणि जिच्यात वहिनींच्या कोंबड्या अंडी घालतात, तिचा डायल मी दिवाळीत पाहिला होता. उत्तम आहे. मैलाचा आहे. तो पोरीच्या साखरपुड्याची भेट म्हणून द्यावा, एवढीच विनंती. गाडीचं बाकी काही नको.

ता. क. दुसरा. दुसऱ्या गाडीचा मीटर काढून बसवला तर त्याला मूळचा म्हणता येईल का, असं तुम्ही विचाराल. नाही म्हणता येणार. पण कडी मी स्वतः बसवीन, चावे उमटणार नाहीत, आणि पुढच्या वर्षीही परीक्षक मीच आहे.

ता. क. तिसरा. तुम्ही आनंदाने देणार असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे. ते आज सकाळीच स्क्रू खोलायचा पेचकस घेऊन यवतमाळला निघाले. हे पत्र पोचेपर्यंत बहुधा तुमच्या परसात असतील. वहिनींना म्हणावं, खुडूक कोंबडी तेवढी उचलून घ्या, ती त्यांना ओळखत नाही.